उसने ठोके

आमच्या आष्टी भागात उसनवारीची लाज कोणी बाळगत नाही. वाटीभर साखर, पायलीभर ज्वारी, लग्नकार्याला दोन पातेली, पावसाने ओढ दिली की शेजाऱ्याच्या विहिरीतील दोन घागरी पाणी, सारे काही या घरातून त्या घरात जाते आणि पुन्हा आपल्या घरी येते. या व्यवहाराला कागद नसतो, साक्षीदार नसतो. अट मात्र असते, आणि ती सर्वांना ठाऊक असते: ज्या मापाने आणले त्या मापाने परत करावे आणि मुदत ओलांडू नये. २०१८ च्या दिवाळीत मी एक निराळीच उसनवारी पाहिली. सात वर्षांच्या एका मुलीने आठ दिवस हृदयाचे ठोके उसने घेतले होते. त्या आठ दिवसांत मी जे पाहिले आणि माझ्याविषयी मला जे कळले, ते आज लिहीत आहे.

मी मूळची नगर जिल्ह्यातील. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून आष्टी तालुक्यात आले आणि येथेच रुजले. आष्टी बीड जिल्ह्याच्या अगदी पश्चिम कडेला. जिल्ह्याच्या गावापेक्षा आम्हांला नगरच जवळचे. दवाखाना, बाजार, सणावाराची मिस्सा, साऱ्यांसाठी पावले तिकडेच वळतात. मुलूख कोरडा. दसरा झाला की गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. असे कोयते मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊस तोडायला निघतात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. उचल म्हणजे आधीच खाऊन झालेली मजुरी. ती फेडण्यासाठी ट्रक येईल त्या दिवशी निघावेच लागते. वर्गातील निम्मी बाके त्या काळात मोकळी होतात, आणि हजेरीपटावर आम्ही ‘स्थलांतरित’ असा शेरा मारतो.

छकुली अशाच एका कोयत्याची मुलगी. छकुली हे तिचे घरातले लाडाचे नाव. शाळेच्या पटावरचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. दुसरीच्या वर्गात ती माझ्याकडे होती. पाठांतर चोख, अक्षर वळणदार, पण कवायतीला उभे केले की हिचे रडगाणे सुरू. मैदानाला एक फेरी मारायची तर अर्ध्यावर थांबायची आणि खुशाल उकिडवी बसायची. गुडघे छातीशी घेऊन, हातांची मिठी घालून. दोन मिनिटांनी उठायची, चार पावले पळायची, पुन्हा बसायची. एकदा तिचे ओठ जांभळट दिसले. आषाढाचे दिवस होते, मुले जांभळे खाऊनच शाळेत येत. मी तिला जीभ दाखवायला सांगितली आणि हसून सोडून दिले. दुसऱ्या एका दिवशी मात्र माझा संयम सुटला. साऱ्या वर्गासमोर मी तिला ‘आळशी’ म्हटले आणि हाताला धरून उठवून उरलेली फेरी पुरी करायला लावली. तिने ती केली. काही न बोलता केली.

त्यानंतर काही दिवसांतच शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, आणि तेव्हापासून अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी करणारी वैद्यकीय पथके गावोगावी येतात. पथकातील डॉक्टरीणबाईंनी छकुलीच्या छातीवर नळी ठेवली आणि ती बराच वेळ उचललीच नाही. मग तिची नखे पाहिली. बोटांची टोके ढोलकीच्या काठीसारखी फुगीर झाली होती. मी रोज तो हात पाटीवर पाहत होते. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, “बाई, ही मुलगी धावताना मध्येच उकिडवी बसते का हो?”

त्या प्रश्नाचे उत्तर देताना माझ्या तोंडाला कोरड पडली, ती मला आजही आठवते.

तिच्या विकाराचे नाव ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’. मार्सेय येथील फॅलो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८८८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. चार दोष एकत्र नांदतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते; फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते; शरीराला रक्त पुरवणारी महारोहिणी त्या छिद्रावर सरकून बसलेली असते; आणि उजवा कप्पा अति श्रमाने जाड झालेला असतो. फुप्फुसांची वाट अरुंद, म्हणून अशुद्ध रक्त छिद्रातून पलीकडे जाते आणि शुद्ध न होताच अंगभर फिरते. पळताना हे अधिकच होते. अशा वेळी मूल उकिडवे बसले की पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि त्यामुळे थोडे अधिक रक्त फुप्फुसांच्या वाटेला लागते. मुलाला हे कोणी शिकवत नाही. त्याचे शरीरच आपला उपाय शोधून काढते. छकुली मैदानात बसत होती ती स्वतःवर उपचार करीत होती, आणि मी तो उपचार हाताला धरून मोडला होता.

पुढची धावपळ मी माझ्याकडे घेतली. तिच्या आईवडिलांना अर्ज, दाखले, शिधापत्रिकेच्या प्रती, तपासण्यांचे कागद यांतले काही कळत नव्हते. खर्चाचा भार शासकीय योजनेने उचलला. पुण्याच्या एका रुग्णालयात सोमवार, २९ ऑक्टोबर २०१८ ही तारीख मिळाली. तिच्या वडिलांनी दसऱ्यापूर्वीच उचल घेतलेली होती. टोळी दिवाळीच्या तोंडावर निघणार होती. “एका हप्त्यात मोकळं होऊ ना, बाई?” त्यांनी एस.टी.त बसता बसता मला विचारले. मी “हो” म्हटले. शिक्षकाला न ठाऊक असलेल्या गोष्टीलाही ‘हो’ म्हणण्याची सवय असते.

शस्त्रक्रिया पाच-सहा तास चालली. सायंकाळी डॉक्टर बाहेर आले. छिद्र बुजवले होते, अरुंद वाट रुंद केली होती, रंग सुधारला होता. “पण ठोक्यांची थोडी अडचण आहे,” ते म्हणाले आणि एका कागदाच्या पाठीमागे त्यांनी आम्हांला हृदय काढून दाखवले.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानसा पेशीपुंज असतो. ठोक्याचा हुकूम तेथून निघतो. वरचे कप्पे आधी आकुंचन पावतात. मग तो निरोप मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबतो, आणि तेथून तंतूंच्या एका बारीक पायवाटेने खालच्या कप्प्यांना पोचतो. ही पायवाट त्या छिद्राच्या अगदी काठाने जाते. छिद्र बुजवायचे तर टाके त्या काठालाच घालावे लागतात. वाट डोळ्यांना दिसत नाही. ती कोठे असेल हे अनुभवाने ओळखून तिला चुकवायचे असते. तरीही शंभरांतील थोड्या मुलांत तिला इजा पोचते किंवा आजूबाजूला सूज येऊन ती दबते. मग वरचा मजला हुकूम देत राहतो आणि खालच्या मजल्यावर तो ऐकूच जात नाही. खालचे कप्पे आपल्या मनाने सावकाश चालू लागतात. छकुलीचे ते ठोके मिनिटाला पन्नासही भरत नव्हते. तेवढ्यावर नुकतेच शिवलेले हृदय चालणार नव्हते.

“मग आत्ता ती कशी...” तिच्या आईने वाक्य अर्धेच सोडले.

“आत्ता आम्ही चालवतो आहोत,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्हांला एकेकाला आत सोडले. अतिदक्षता विभागातील खाटेवर छकुली निजली होती. तिचे ओठ गुलाबी होते; तिचे ओठ या रंगाचे मी कधी पाहिलेच नव्हते. छातीच्या पट्टीखालून, उरोस्थीच्या खालच्या टोकाजवळून, केसासारख्या बारीक तारा बाहेर आल्या होत्या; उजवीकडच्या वरच्या कप्प्याच्या, डावीकडच्या खालच्या कप्प्याच्या. छाती बंद करण्यापूर्वी त्या हृदयाच्या पृष्ठभागाला हलक्या टाक्याने अडकवून ठेवतात. त्यांची दुसरी टोके खाटेच्या कडेला टांगलेल्या एका डब्याला जोडलेली होती. डबा साधारण एखाद्या पुस्तकाएवढा. त्यावर फिरवायच्या कळा आणि एक लुकलुकणारा दिवा. मिनिटाला शंभर वेळा तो लुकलुके, आणि प्रत्येक वेळी वरच्या पडद्यावर एक उभी रेघ उमटून तिच्यामागे ठोक्याची लाट येई. आधी वरच्या कप्प्याला इशारा, मग सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा थांबून खालच्या कप्प्याला. मैदानात मी ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणते तसा तो डबा तिच्या हृदयाला कवायत घालीत होता. पण माझ्यासारखा चिडत नव्हता.

तिच्या वडिलांनी डब्याकडे बराच वेळ पाहिले आणि परिचारिकेला विचारले, “सिस्टर, लाइट गेली तर वो?”

आमच्याकडे भारनियमन काय असते हे ज्याने भोगले आहे त्यालाच हा प्रश्न सुचेल. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी डब्याची मागची बाजू दाखवली. “हा बॅटरीवर चालतो, दादा. भिंतीच्या विजेशी याचा संबंध नाही. आणि ही बघा, दुसरी बॅटरी उशाशीच ठेवलेली असते.” वडिलांनी ती दुसरी बॅटरी हातात घेऊन पाहिली, जागेवर ठेवली आणि मग कोठे त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

त्या प्रश्नाचा इतिहास मला पुढे वाचनात सापडला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय नावाचे शल्यविशारद होते. हृदय उघडून आतले छिद्र शिवण्याचे काम त्यांनी १९५४ मध्ये एका धाडसी मार्गाने सुरू केले. बालकाचे हृदय थांबवलेले असताना त्याच्या रक्ताचा भार शेजारी निजवलेल्या आईचे किंवा वडिलांचे हृदय आणि फुप्फुसे वाहत. अशा पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या आणि अठ्ठावीस रुग्ण बरे होऊन घरी गेले. छकुलीला होता त्या विकाराची संपूर्ण दुरुस्ती जगात प्रथम याच पद्धतीने, ३१ ऑगस्ट १९५४ रोजी झाली. बापाने लेकराला आपले हृदय उसने द्यावे, ही गोष्ट आपण केवळ बोलण्यापुरती बोलतो. तेथे ती टेबलावर घडली.

परंतु छिद्र शिवून झाल्यावर ठोक्यांची वाट तुटली, तर त्या काळी मूल वाचत नसे. छातीच्या कातडीवरून विजेचे धक्के देण्याचा उपाय बोस्टनच्या पॉल झोल यांनी १९५२ मध्ये काढला होता. पण ते धक्के इतके जोराचे की मुले वेदनेने कळवळत आणि कातडी भाजून निघे. जानेवारी १९५७ च्या अखेरीस लिलेहाय यांनी एक साधी तार सरळ हृदयाच्या स्नायूलाच जोडली. तेथे अगदी अल्प वीज पुरली. मुलाला कळलीसुद्धा नाही. आणि एक आश्चर्य दिसून आले: पुष्कळ मुलांत काही दिवसांनी सूज उतरे, वाट पुन्हा मोकळी होई, आणि तार हलकेच ओढून काढता येई. हृदयाला कायमचा आधार नको होता. थोडी सवड हवी होती.

अडचण एकच होती. वीज देणारे यंत्र अवजड आणि भिंतीतील विजेवर चालणारे होते. मुलाला दुसऱ्या खोलीत न्यायचे तर लांबच लांब वायर सोबत ओढावी लागे. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी त्या शहराचा वीजपुरवठा काही तास बंद पडला, आणि ज्या मुलांचे ठोके भिंतीतून येत होते त्यांचा प्रश्न उभा राहिला. आमच्या छकुलीच्या वडिलांचा प्रश्न तोच! लिलेहाय यांनी रुग्णालयातील उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकन नावाच्या तरुण तंत्रज्ञाला बोलावले. बाकन यांचा उद्योग तेव्हा एका गॅरेजमध्ये चाले. त्यांना एका लोकप्रिय मासिकात पाहिलेली तालयंत्राची जोडणी आठवली. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना लय देणारे, टिकटिक करणारे ते यंत्र. त्या जोडणीवरून त्यांनी ट्रान्झिस्टर आणि बॅटरी असलेला एक छोटा डबा तयार केला. प्राण्यावर तपासण्यासाठी तो त्यांनी नेऊन दिला आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तो एका बालकाच्या अंगावर तो चालू होता. मूल हातचे जाऊ नये म्हणून लिलेहाय यांनी थांबायचे नाकारले होते. त्या डब्याचा वंशज पुण्यातील खाटेला टांगलेला मी पाहिला.

आपल्या देशात उघड्या हृदयावरील यशस्वी शस्त्रक्रिया प्रथम १९६१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात झाली. आमच्या आष्टीचे शेजारगाव जामखेड. तेथे १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचे काम उभारणारे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्यही वेल्लोरचेच विद्यार्थी. एकीकडे हृदयाला तार शिवणारे हात, दुसरीकडे अल्पशिक्षित खेडूत बायकांना बालकाची नाडी आणि वजन पाहायला शिकवणारे हात. दोन्ही एकाच अंगणात वाढले. मला यातले दुसरे शिक्षण कोणी दिले असते, तर छकुलीला पहिल्याची गरज दोन वर्षे आधी पुरवता आली असती.

पुण्यातील दिवस मोजून जात होते. रोज सकाळी सिस्टर हातमोजे घालून डब्यापाशी येत. उघड्या तारेला मोकळा हात लागू द्यायचा नसतो, कारण अंगावरील जी वीज आपल्याला जाणवतही नाही ती थेट हृदयापर्यंत पोचू शकते. मग त्या विजेचे माप हळूहळू कमी करीत नेत. एका आकड्याला हृदय इशारा ऐकेनासे होई. तो आकडा वहीत लिहून घेत आणि माप त्याच्या दुप्पट ठेवत. त्यानंतर ठोक्यांचा वेग उतरवून पाहत, की आतून काही उत्तर येते का. पहिले चार दिवस उत्तर एकच, पंचेचाळीस, सत्तेचाळीस.

२ नोव्हेंबरला मृतांचा स्मरणदिन होता. दरवर्षी त्या दिवशी मी नगरला आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावते. त्या वर्षी रुग्णालयाच्या जिन्यात बसून जपमाळ ओढली. खरे सांगायचे तर प्रार्थनेत मन नव्हते. मैदानातली ती अर्धी फेरी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

चौथ्या की पाचव्या रात्री घंटा वाजली. पडद्यावर उभी रेघ उमटत होती, पण काही रेघांमागे लाट नव्हती. इशारा जात होता, ठोका पडत नव्हता. सिस्टरांनी तत्काळ माप वाढवले आणि लाटा परत आल्या. सकाळी डॉक्टरांनी समजावले: तार जेथे टेकते तेथील स्नायूला दिवसेंदिवस सूज येते आणि इशारा ऐकायला अधिक वीज लागू लागते. या तारा दीर्घ काळासाठी नसतातच. म्हणजे या उसनवारीलाही मुदत होती. सात ते दहा दिवसांत वाट मोकळी झाली नाही तर पुढे ती मोकळी होण्याची आशा फार थोडी, असा जगभरचा अनुभव आहे. मग कायमचा पेसमेकर बसवायचा. “गुरुवारी, ८ तारखेला बसवू,” डॉक्टर म्हणाले. त्याने मुलगी जगेल, शाळेत जाईल. परंतु बॅटरी संपली की ठरावीक वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया, आणि वाढत्या वयात तपासण्या आयुष्यभर.

वडिलांच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. मुकादमाचा ट्रक निघाला होता. इतर कोयते गेले होते. आमच्या भागात त्याच आठवड्यात दुष्काळ जाहीर झाला होता. राज्यातील १५१ तालुक्यांच्या यादीत बीड जिल्हाही होता. गावी राहून मिळवण्यासारखे काही नव्हते. “मी म्होरं जातो, ही ऱ्हाईल हितं,” ते बायकोकडे बोट दाखवून म्हणाले. मला राग आला. लेकरू असे निजलेले आणि या माणसाला उसाची घाई! मग मी हिशेब केला. बायको येथे राहणार म्हणजे कोयता अर्धाच. अर्ध्या कोयत्याला उचल फिटत नाही. न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर चढते. तो माणूस मुलीला टाकून जात नव्हता, तिच्या पुढच्या औषधांकडे जात होता. मी म्हटले, “काही पैसे मी देते. नंतर सवडीने द्या.” ते मान हलवून म्हणाले, “नगं बाई. उसनं लई झालं. आता अजून उसनं नगं.” आणि गेले मात्र नाहीत. गुरुवारपर्यंत थांबतो, असे त्यांनी मुकादमाला कळवले.

सोमवारी सातवा दिवस. धनत्रयोदशी होती. वेग उतरवून पाहिला. आतून उत्तर तेच. त्या रात्री बाहेरच्या बाकावर आम्ही तिघे बसलो होतो. मला राहवले नाही. मी त्यांना सांगितले, की मी छकुलीला आळशी म्हटले होते, सगळ्यांसमोर, आणि हाताला धरून पळायला लावले होते. बोलताना माझा आवाज मला परका वाटला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग तिची आई खाली पाहत म्हणाली, “आमीबी म्हणायचो, बाई. पाणी आणाया धाडलं की वाटंत बसायची. कामचुकार हाय म्हणायचो. म्या तर एकदा फोकानं मारलं बी.” एवढे बोलून तिने पदर तोंडाला लावला. वडील उठले, तिघांसाठी चहा घेऊन आले आणि माझा पेला आधी माझ्या हातात दिला. क्षमा कशी करावी याची प्रवचने मी बरीच ऐकली आहेत. त्या चहापुढे त्यांतले एकही मला आठवत नाही.

मंगळवारी पहाटे शहरात पहिल्या आंघोळीचे फटाके वाजत होते. सात वाजता सिस्टर धावतच बाहेर आल्या. “बाई, आत या. लवकर. तिघेही या.” पडद्यावर उभी रेघ नव्हती. डब्यावरचा दिवा दुसऱ्या रीतीने लुकलुकत होता. तो आता ठोका देत नव्हता, नुसता ऐकत होता. या डब्याची ही खुबी मला ठाऊक नव्हती. आतून ठोका आला की तो आपला हात आखडता घेतो, आणि चुकला तरच पुढे करतो. पडद्यावर लहान लाट, मग मोठी लाट. लहान, मग मोठी. मिनिटाला ब्याण्णव. वरच्या मजल्यावरचा निरोप खालच्या मजल्यावर पोचत होता.

डॉक्टरांनी घाई केली नाही. दोन दिवस डबा तसाच जोडून ठेवला, फक्त पहारा म्हणून. मध्ये काही वेळा ठोके अडखळले, मग सरळ झाले. गुरुवारची शस्त्रक्रिया रद्द झाली. वडील त्याच दुपारच्या गाडीने टोळीच्या मागे निघून गेले. शनिवारी तारा काढल्या. मला वाटले होते की मोठे काही करावे लागेल. पण डॉक्टरांनी टाका कापला, तिला मोठा श्वास घ्यायला सांगितला आणि तारा अलगद ओढून घेतल्या. तारेच्या जागी क्वचित आत रक्त साचू शकते, म्हणून त्यानंतर पुष्कळ तास नाडी, रक्तदाब आणि श्वास यांवर बारीक लक्ष ठेवले.

संध्याकाळी छकुलीने खाटेच्या कडेला पाहिले. डबा तेथे नव्हता.

“बाई, डबा कुठंय?”

“परत दिला.”

“कुणाला?”

मी समोरच्या खाटेकडे बोट दाखवले. तेथे त्याच दुपारी शस्त्रक्रियेतून आणलेले एक तान्हे बाळ होते, आणि त्याच्या खाटेच्या कडेला तो दिवा लुकलुकत होता. छकुलीने विचारपूर्वक मान हलवली. उसनी वस्तू वेळेवर परत गेली होती आणि ती दुसऱ्याच्या कामी आली होती. आष्टीच्या मुलीला यापेक्षा अधिक समजावून सांगावे लागत नाही.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. छकुलीचे ठोके तिचे स्वतःचे आहेत. क्वचित असे झालेल्या मुलांत वाट पुढे पुन्हा बिघडू शकते, म्हणून दरवर्षी तिचा हृदयालेख काढावा लागतो. ती तारीख माझ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिलेली असते. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली, तेव्हा पहिल्या महिन्यातच आम्ही त्या गाडीने तपासणीला गेलो. तिचे आईवडील हंगामाला अजूनही जातात, आणि त्या महिन्यांत ती आजीजवळ राहून शिकते.

माझ्यात काय बदलले, ते एवढेच सांगते. तान्हे मूल दूध पिताना घामाने भिजते, दमते, त्याचे वजन वाढत नाही. मुलाला वरचेवर छातीचा विकार होतो. रडताना किंवा खेळताना ओठ-नखे निळी पडतात. ते पळता पळता उकिडवे बसते. यांतले काहीही दिसले, तर मी आधी डॉक्टरांकडे पाठवते. स्वभावाचा विचार नंतर. आपल्या धर्मग्रामातील आयाबायांनाही मी हेच सांगते. मैदानात एखादे मूल मध्येच थांबले की हातातली शिट्टी आपोआप खाली येते. मी त्याच्याजवळ जाते, शेजारी उकिडवी बसते आणि विचारते, “काय होतंय रे बाळा?” पुष्कळदा पायात काटा रुतलेला असतो, किंवा चपलेचा अंगठा तुटलेला असतो. कधी कधी ते मूल खरोखरच आळशी असते. त्याचे मला काही वाटत नाही. विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि तेवढी सवड मुलाला द्यायला आता माझी हरकत नसते.